काटक्यांचा भारा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २७:२७ ते २८:१०, योहान १८:१५-१८ व २१:१-१७, तीत ३:१-८



दिवाळी सरली की मध्य भारतात थंडी उतरू लागते आणि तिच्याबरोबरच बालवीर व वीरबाला यांचा खरा हंगाम सुरू होतो. ७ नोव्हेंबर हा भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेचा स्थापना दिन. २२ फेब्रुवारी हा या चळवळीचे जनक लॉर्ड बेडन-पॉवेल यांचा जन्मदिन, आणि तो चिंतन दिन म्हणून पाळला जातो. या दोन तारखांच्या मधले साडेतीन महिने म्हणजे शिबिरे, मेळावे आणि मैदानी कौशल्यांच्या स्पर्धा. तंबू ठोकणे, दोर व बांबू यांनी पूल किंवा मनोरा उभारणे, होकायंत्रावरून दिशा शोधणे, जमिनीवरील खुणांचा माग काढणे, काठ्या व सदरे यांची झोळी करून जखमीला वाहून नेणे, मोजक्या काड्यांत चूल पेटवणे, भांड्यांवाचून स्वयंपाक करणे : या सर्वांत टोळ्या-टोळ्यांची चढाओढ लागते. जबलपूरच्या बाजूला भांड्यांवाचूनच्या स्वयंपाकासाठी मुलांना फार लांब पाहावे लागत नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले गक्कड आणि त्याच निखाऱ्यांत भाजलेल्या वांग्याचे भरीत हे तेथील हिवाळ्याचे घरगुती अन्नच आहे. रात्री पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. मग सर्व टोळ्या एका मोठ्या शेकोटीभोवती गोळा होतात, आणि दिवसभर एकमेकांशी चुरस केलेली मुले एकाच घोंगडीत गुरफटून गाणी म्हणतात.

जबलपूरचे नाव मी सहज घेतले नाही. ते शहर मराठी माणसाला परके नाही. १८१७ पर्यंत तो मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजमुळे मंडळ्यांमध्येही त्या शहराचे नाव आदराने घेतले जाते. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. भारतातील स्काउट चळवळीचा आरंभ १९०९ मध्ये बंगळूरच्या बिशप कॉटन शाळेत झाला, आणि मुलींची पहिली गाइड तुकडी १९११ मध्ये जबलपूरच्या क्राइस्ट चर्च शाळेत डॉ. कलेन यांनी सुरू केली. दोन्ही ठिकाणे ख्रिस्ती शाळांची आहेत. या देशातल्या बालवीरांची व वीरबालांची पहिली शेकोटी आपल्या अंगणात पेटली, असे म्हणण्यास हरकत नाही.

याविषयी आपल्याला कृतज्ञता वाटावी. परंतु त्या शेकोटीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आरंभी त्या वर्तुळात केवळ युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलामुलींनाच जागा होती. ज्या भूमीतले सरपण जळत होते, त्याच भूमीतली मुले बाहेर काळोखात उभी होती. १९१३ च्या सुमारास पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, अॅनी बेझंट, तसेच पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले व्हिव्हियन बोस आदी मंडळींनी भारतीय मुलांसाठी वेगळी पथके उभी केली. हिवाळ्यातील माघमेळे व कुंभमेळे यांच्या गर्दीत हरवलेली मुले शोधणे, वृद्धांना हात देणे, पाणी पाजणे ही त्यांची कामे झाली. निरनिराळ्या शेकोट्या एक होण्यास स्वातंत्र्य यावे लागले. १९५० साली ७ नोव्हेंबरला भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था जन्माला आली आणि पुढच्या वर्षी गाइडही तीत सामील झाल्या. जबलपूरहून रेल्वेने पिपरियाला उतरून सातपुड्याचा घाट चढला की पचमढी लागते. संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र तेथे आहे. आज त्या शेकोटीभोवती सर्व धर्मांची, सर्व भाषांची मुले बसतात.

आणि येथेच आपल्या घरांत एक प्रश्न उभा राहतो. तो मी अनेक मंडळ्यांत ऐकला आहे. स्काउटच्या शिबिरात सकाळी सर्वधर्म प्रार्थना असते. ‘आमचे मूल तेथे बसले तर त्याच्या विश्वासाचे काय?’ असे काही आईबाप विचारतात आणि मुलाला घरी ठेवतात. दुसरे काही आईबाप याच्या उलट सांगतात : ‘जा, पण तेथे आपले वेगळेपण फार दाखवू नकोस. चारचौघांसारखा राहा, बक्षीस मिळव आणि ये.’ पहिल्यांना शेकोटीची भीती वाटते, तर दुसऱ्यांना तिची ऊब तेवढी हवी असते. पवित्र शास्त्र या दोहोंपेक्षा निराळा मार्ग दाखवते काय? माझ्या मते दाखवते, आणि तो मार्ग तीन शेकोट्यांच्या उजेडात दिसतो.

पहिली शेकोटी प्रमुख याजकाच्या अंगणातली. योहान अठराव्या अध्यायात सांगतो की थंडी पडली होती, म्हणून चाकर व शिपाई यांनी कोळसे पेटवले होते आणि पेत्र त्यांच्याबरोबर उभा राहून शेकत होता. आता एक गोष्ट नीट लक्षात घेऊ या. परक्यांच्या शेकोटीजवळ उभा राहिला म्हणून शास्त्र पेत्राला दोष देत नाही. थंडी वाजणे हे पाप नाही आणि शेकणे हेही पाप नाही. तो तेथे आला होता प्रभूच्या ओढीनेच. इतर बहुतेक शिष्य तेवढेही जवळ आले नव्हते. त्याचा घात झाला तो एका साध्या प्रश्नाने, आणि तो प्रश्नही प्रथम एका दासीने विचारला होता : तूही त्याचा आहेस ना? ऊब घेण्यासाठी त्याने आपली ओळख त्या निखाऱ्यांवर टाकली.

येथे मूळ ग्रीक भाषेतल्या एका शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. तो शब्द आहे ‘हेतॉइमॉस’. त्याचा अर्थ तयार, सिद्ध, सज्ज. स्काउटचे ब्रीद काय? ‘तयार!’ बेडन-पॉवेल यांनी ते १९०८ च्या आपल्या पुस्तकात मांडले आणि आज जगभरची मुले ते उच्चारतात. हाच शब्द पेत्राने शेवटल्या भोजनाच्या रात्री उच्चारला होता. लूकाच्या बाविसाव्या अध्यायात तो प्रभूला सांगतो की तुरुंगात जाण्यास आणि मरण्यासही मी तयार आहे. तेथे ‘हेतॉइमॉस’ हाच शब्द आहे. ब्रीद त्याला तोंडपाठ होते. छाती काढून त्याने ते म्हटलेही. काही तासांनी, कोंबडा आरवण्याच्या आत, एका शेकोटीजवळ त्याची परीक्षा झाली आणि तो अनुत्तीर्ण झाला. ब्रीद म्हणणे आणि तयार असणे यांच्यामध्ये किती अंतर असते, हे त्या रात्री दिसले.

मैदानी कौशल्यांच्या स्पर्धेत हीच गोष्ट मुलांना रोज दिसते. गाठीचे नाव सर्वांना येते. परंतु बोटे गारठलेली असताना, काळोखात, डोळ्यांवर पट्टी असताना ती गाठ बांधता येते काय, असे परीक्षक पाहतात. चुकीची बांधलेली गाठ टेबलावर ठेवली तर बरोबर गाठीसारखीच दिसते. भार पडला की ती सरकते. कसोटीच्या क्षणी पेत्राची गाठ सरकली.

परंतु देवाच्या कृपेची कथा तेथे संपत नाही. योहानाच्याच शुभवर्तमानात, एकविसाव्या अध्यायात, दुसरी शेकोटी आहे. कोळशांच्या विस्तवासाठी योहानाने वापरलेला ‘आन्थ्राकिया’ हा शब्द संपूर्ण नव्या करारात दोनच वेळा येतो : एकदा प्रमुख याजकाच्या अंगणात आणि एकदा तिबिर्य समुद्राच्या काठावर. भाषांतर करताना हे दोन्ही विस्तव वाचकाला एकाच शब्दाने दिसावेत, याची काळजी घ्यावी लागते, कारण सुवार्तिकाने ते मुद्दाम जोडले आहेत असे वाटते. रात्रभर जाळी टाकून थकलेले, ओले, उपाशी शिष्य किनाऱ्याला लागतात, तेव्हा विस्तव आधीच पेटलेला असतो, त्यावर मासळी असते, भाकर असते. हे कोणी केले? मरणातून उठलेल्या प्रभूने. विश्वाचा प्रभू पहाटेच्या गारठ्यात वाकून कोळसे पेटवतो आणि आपल्या माणसांची न्याहारी शिजवतो! सेवा ही कमीपणाची गोष्ट आहे असे ज्याला वाटत असेल, त्याने त्या किनाऱ्यावर थोडा वेळ उभे राहावे.

त्या विस्तवाजवळ पेत्राला तीन वेळा प्रश्न विचारला जातो. तीन नकारांना तीन होकार मिळतात. आणि पहिल्या होकारानंतर प्रभू त्याच्या हाती काय सोपवतो? कोकरे. मेंढरांचा उल्लेख नंतर येतो, आधी लहानांचा येतो. जो स्वतः शेकोटीजवळ घसरला, त्याच्याकडे प्रभू लहानग्यांना चारण्याचे काम देतो. मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने, प्रत्येक स्काउट मास्तरने, शब्बाथशाळेच्या प्रत्येक गुरुजीने आणि बाईंनी हे मनात ठेवावे. आणि पुढे काय झाले? याच पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळ्यांना लिहिले की तुमच्या आशेविषयी कोणी विचारले तर उत्तर देण्यास सदा तयार राहा, आणि ते उत्तर सौम्यतेने व आदराने द्या. तेथेही ‘हेतॉइमॉस’ हाच शब्द आहे. वरच्या माडीवर फुशारकीने उच्चारलेला आणि अंगणात खोटा ठरलेला तोच शब्द पेत्राने पुन्हा हाती घेतला. आता त्यात फुशारकी नाही, सौम्यता आहे. ज्या आईबापांना सर्वधर्म प्रार्थनेची भीती वाटते, त्यांना मी पेत्राचे हे वचन देईन. मुलाला घरी ठेवू नका. त्याला तयार करून पाठवा. त्या प्रार्थनासभेत आपल्या मुलाचीही पाळी येते. त्या वेळी त्याला काय म्हणावे हेच सुचत नसेल, प्रभूने शिकवलेली प्रार्थनाही अर्धवट पाठ असेल, तर तो दोष स्काउट चळवळीचा नाही. आपल्या घरात संध्याकाळची कौटुंबिक उपासना बंद पडली आहे, एवढेच त्यावरून कळते. इतरांच्या प्रार्थनेच्या वेळी आदराने शांत बसणे आणि आपल्या पाळीला न लाजता येशूच्या नावाने प्रार्थना करणे, हे दोन्ही एकाच मुलाला जमू शकते. किंबहुना ज्याला दुसरे जमते, त्याला पहिल्याची भीती वाटत नाही.

आता तिसऱ्या शेकोटीकडे येऊ. प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा आणि अठ्ठाविसावा अध्याय म्हणजे हिवाळ्यातल्या मैदानी कौशल्यांची एक शाळाच आहे. प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास होऊन गेला होता, म्हणजे समुद्रप्रवासाचा सुरक्षित काळ संपला होता. पौलाने सावध केले, परंतु त्याचे कोणी ऐकले नाही. मग वादळ आले. तारू फुटू नये म्हणून खलाशांनी ते दोरांनी आवळले. पुष्कळ दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत, दिशा कळेना. बुडीद टाकून खोली मोजली : वीस वाव, मग पंधरा वाव. वरामाकडून चार नांगर टाकले. चौदा दिवसांच्या उपासानंतर, २७६ माणसांच्या देखत, पौलाने भाकर घेतली आणि सर्वांसमक्ष देवाची उपकारस्तुती करून ती मोडली. त्या तारवात किती देवांचे किती भक्त असतील! पौलाने त्यांना सोडून एका कोपऱ्यात गुपचूप प्रार्थना केली नाही, किंवा प्रार्थना टाळूनही भाकर खाल्ली नाही. त्याने उघडपणे आभार मानले आणि सर्वांना जेवण्याचा आग्रह केला. शेवटी ज्यांना पोहता येत होते त्यांनी आधी उड्या टाकल्या, बाकीचे फळ्यांवर व तारवाच्या तुकड्यांवर बसून किनाऱ्याला लागले.

त्या बेटाचे नाव मिलिता, म्हणजे आजचे माल्टा. पाऊस पडत होता, थंडी होती. तेथल्या लोकांना लूक ‘बारबारॉय’ म्हणतो. ग्रीक भाषा ज्यांना येत नसे, ज्यांचे बोलणे ग्रीक कानाला केवळ ‘बर-बर’ असे ऐकू येई, त्यांना हा शब्द लावत. आपला ‘बर्बर’ हा शब्द त्याच्याच कुळातला आहे. परंतु लूक लगेच सांगतो की या ‘बर्बर’ लोकांनी आम्हांला असाधारण माया दाखवली. त्यांनी शेकोटी पेटवली आणि आम्हा सर्वांना जवळ घेतले. मूळ भाषेत ‘सर्वांना’ हा शब्द आहे. त्या २७६ जणांत रोमी शिपाई होते, कैदी होते, व्यापारी होते, खलाशी होते. धर्म, जात, गुन्हा, हुद्दा काहीही न विचारता त्यांनी वर्तुळ मोठे केले. १९११ मधल्या आपल्या ख्रिस्ती शाळेच्या शेकोटीपाशी जे घडले नाही, ते मिलिताच्या ‘बर्बरांनी’ करून दाखवले होते.

आणि त्यांच्या मायेसाठी लूकाने कोणता शब्द वापरला? ‘फिलान्थ्रोपिया’, म्हणजे माणसांवरील प्रीती. हे नाम नव्या करारात दोनच ठिकाणी आढळते. एक येथे, आणि दुसरे तीताला लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, जेथे पौल आपला तारणारा देव याची मनुष्यांवरील प्रीती प्रकट झाल्याचे सांगतो. बंधुभगिनींनो, येथे थोडे थांबावे असे वाटते. ज्यांनी देवाचे नाव अजून ऐकले नव्हते, त्यांनी पेटवलेल्या शेकोटीला शास्त्र तेच नाव देते जे बेथलेहेमात प्रकट झालेल्या प्रीतीला दिले आहे. दोन्ही एकच आहेत असे मी म्हणत नाही. तारण ख्रिस्तात आहे, आणि तेच पत्र ते स्पष्ट सांगते. परंतु शेजाऱ्याने पेटवलेल्या विस्तवात त्या प्रीतीची झळ ओळखता येऊ नये, इतके आपले मन बधिर होऊ नये.

आता पौलाकडे पाहा. तो ओला आहे, थकलेला आहे, बंदिवान आहे. चौदा दिवस त्यानेच सर्वांना धीर दिला आहे. शेकोटीजवळची सर्वांत चांगली जागा त्याने घेतली असती तर कोणी काही म्हटले नसते. पण लूक सांगतो की पौलाने काटक्यांचा एक भारा गोळा केला आणि विस्तवावर घातला. मूळ शब्द ‘फ्रुगानोन’ असा आहे. त्याचा अर्थ वाळकी झुडपे, काटक्या, शिरपुट्या. संपूर्ण नव्या करारात तो येथे एकदाच येतो. या शब्दाचे भाषांतर ‘लाकडे’ असे केले तर चित्र बिघडते. पावसात भिजलेला मोठा ओंडका धुमसतो, धूर करतो, पेट घेत नाही. त्याला पेटवायला आधी झुडपांच्या आडोशाने राहिलेल्या कोरड्या काटक्या शोधाव्या लागतात. कोणताही बालवीर हे सांगेल. पावसात शेकोटी जिवंत ठेवायची तर वाकून काटक्या वेचणारा कोणी तरी लागतो.

पौल त्या शेकोटीपासून दूर राहिला नाही, आणि पेत्राप्रमाणे तेथे नुसता शेकलाही नाही. परक्यांनी पेटवलेल्या विस्तवात त्याने आपला भारा घातला. मला वाटते, या देशातल्या आपल्या साक्षीचे हे सर्वांत खरे चित्र आहे.

परंतु त्या भाऱ्यातून साप निघाला. उष्णता लागताच तो बाहेर आला आणि पौलाच्या हाताला झोंबला. लोक म्हणू लागले की हा खुनी असावा. काही वेळाने, त्याला काही झाले नाही असे पाहून, तेच लोक म्हणू लागले की हा देव आहे. दोन्ही निर्णय चुकीचे होते आणि दोन्ही एकाच दिवशी दिले गेले. सेवा करणाऱ्याच्या हाताला कधी कधी डंख होतोच. आपल्या हेतूंविषयी संशय घेतला जातो. काटक्या आणणाऱ्यालाच विचारले जाते की तुझ्या मनात दुसरे काय आहे? पौलाने काय केले? त्याने साप विस्तवात झटकून टाकला. तो रागावला नाही, त्याने भाषण केले नाही, शेकोटी सोडून गेला नाही. पुढे पुब्ल्याचा बाप ताप व हगवण यांनी आजारी आहे असे कळताच तो त्याच्याकडे गेला, प्रार्थना केली, हात ठेवले. बेटावरचे इतर आजारीही आले. लूकाने मिलिताच्या तीन महिन्यांतला पौलाचा एकही उपदेश नोंदलेला नाही. उपदेश झालाच नसेल असे यावरून म्हणता येत नाही. परंतु पवित्र आत्म्याने आपल्यासाठी जे लिहून ठेवले ते तीन गोष्टींचे आहे : काटक्यांचा भारा, प्रार्थना आणि आजाऱ्यावर ठेवलेला हात. सारा हिवाळा त्याने तेथे असा घालवला.

आता स्पर्धेविषयी. चुरस असू नये असे शास्त्र सांगत नाही. शर्यत, मल्ल, मुगुट यांचे दाखले पौलाने पुष्कळ वेळा दिले आहेत. चुरशीने हात चपळ होतात. रेल्वेच्या भरतीत स्काउट व गाइड यांच्यासाठी जागा असतात, आणि जबलपूर हे तर २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. गरीब घरच्या मुलाने पदकाकडे पोटाच्या दृष्टीने पाहिले तर त्याला कोण नावे ठेवील? परंतु पौल तीताला लिहितो की विश्वासणाऱ्यांना प्रत्येक सत्कार्यासाठी तयार राहण्याची आठवण दे. येथे पुन्हा ‘हेतॉइमॉस’! आणि त्याच अध्यायात ‘फिलान्थ्रोपिया’. देवाने आपल्यावर प्रीती केली, ती आपल्या नीतिमत्त्वाच्या कर्मांमुळे नव्हे. म्हणून आपण तयार राहायचे. पदक कमावण्यासाठी माणूस तयार होतो, तेव्हा पदक मिळाल्यावर त्याची तयारी संपते. आधीच प्रीती मिळाली म्हणून जो तयार होतो, त्याची तयारी पदकानंतरही टिकते.

म्हणून स्पर्धेच्या दिवशी आपल्या मुलाला ‘कितवा आलास?’ असे विचारण्याआधी ‘टोळीत सर्वांत मागे कोण राहिला होता, आणि त्याच्याबरोबर कोण चालले?’ असे विचारून पाहा. शेवटच्या मुलाला घेऊन येणारी टोळीच खरी टोळी. मिलिताच्या किनाऱ्यावर पोहणारेही पोहोचले आणि फळकुटावर बसून आलेलेही पोहोचले. तेथे कोणी क्रमांक लावले नाहीत. कोणीही हरवले नाही, एवढेच लूकाने लिहून ठेवले.

आणि तयारीची वेळ सांगून येत नाही. १९९७ साली २२ मे रोजी मध्यरात्रीनंतर, सारे झोपेत असताना, जबलपूर भूकंपाने हादरले. सुमारे चाळीस माणसे दगावली, हजारो घरांना तडे गेले, आणि लोकांना उघड्यावर रात्री काढाव्या लागल्या. अशा वेळी तंबू उभारू शकणारा हात, जखमेवर सपाट बसणारी गाठ बांधू शकणारी बोटे आणि घाबरलेल्या म्हातारीजवळ शांतपणे बसू शकणारे मन कोठून येते? ते आदल्या हिवाळ्यांतून येते. ते कौशल्य कोणी तरी, कधी तरी, गारठलेल्या मैदानावर त्या मुलाला चिकाटीने शिकवलेले असते. तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौलाने हिवाळ्यापूर्वी येण्याचा आणि त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आणण्याचा निरोप दिला. काही कामे हिवाळ्यापूर्वीच करावी लागतात. मूल घडवणे हे त्यांपैकी एक आहे.

तर या हिवाळ्यात आपल्या मंडळीने काय करावे? आपल्यापैकी पुष्कळ मंडळ्यांजवळ मोठी आवारे आहेत, पूर्वजांनी लावलेली झाडे आहेत. नागपूर असो, मिरज असो, अहिल्यानगर असो, ती आवारे वर्षभर कुलुपात असतात. शेजारच्या शाळेच्या पथकाला एक रविवार दुपार तेथे तंबू ठोकू द्या. आपल्या तरुण संघातल्या एका-दोघांनी स्काउट मास्तरचे रीतसर शिक्षण घ्यावे. नाताळच्या दिवसांत गाणी म्हणत घरोघर फिरणाऱ्या आपल्या मुलांनी एक रात्र रेल्वे स्थानकाबाहेर, इस्पितळाच्या ओसरीवर उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी राखून ठेवावी. पांघरूण द्यावे, चहा द्यावा, आणि कोणी विचारले की तुम्ही कोण, तर सौम्यतेने व आदराने सांगावे. कोणी विचारले नाही तरी पांघरूण द्यावे. आणि आपल्या शेकोटीभोवती अजून कोणाला जागा नाही, हे प्रत्येक मंडळीने स्वतःला विचारावे. कारण बंद वर्तुळे केवळ १९११ मध्येच होती असे नाही. कोणत्या आडनावाचा, कोणत्या वस्तीतला, कोणत्या पोटजातीचा मुलगा आपल्या तरुण संघात संकोचाने मागे उभा राहतो, हे आपल्याला ठाऊक असते.

माग काढण्याच्या स्पर्धेत शेवटी एक खूण येते : एक वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी एक टिंब. तिचा अर्थ, मी घरी गेलो आहे. १९४१ साली ८ जानेवारीला केनियात बेडन-पॉवेल वारले, तेव्हा त्यांच्या कबरेवरच्या दगडावर तीच खूण कोरली गेली. आपल्याही पुढे कोणी चालून गेला आहे. त्याने वाटेवर खुणा ठेवल्या आहेत, आणि पित्याच्या घरात आपल्यासाठी जागा सिद्ध करण्यास तो गेला आहे. त्या घरी पोहोचेपर्यंत वाट थंडीची आहे, आणि तिच्यावर आपल्यासारखेच गारठलेले पुष्कळ लोक चालत आहेत. कोणी तरी शेकोटी पेटवली असेल तर तिच्यापासून दूर राहू नका. तेथे गेल्यावर आपले नाव लपवू नका. आणि रिकाम्या हातांनी तर मुळीच जाऊ नका.

प्रार्थना : हे प्रभू येशू, पहाटेच्या किनाऱ्यावर तू आमच्यासाठी विस्तव पेटवलास. आमच्या मुलांचे हात कुशल कर, त्यांची मने निर्भय व नम्र कर. आम्ही थोरांनी त्यांना बक्षिसाची ओढ लावली असेल तेथे तू त्यांना सेवेची ओढ लाव. जेथे आम्ही वर्तुळ बंद केले, तेथे ते उघड. आणि तू हाक मारशील तेव्हा ‘तयार’ हा शब्द आमच्या ओठांवर येण्याआधी आमच्या हातांत असू दे. आमेन.